धुतलेल्या गालिच्याला वास का येतो?

गेल्या वर्षी गणपती चार दिवसांवर आले असताना आम्ही बैठकीच्या खोलीतला गालिचा धुऊन घेतला. यंत्र घेऊन दोन मुलं घरी आली. त्यांनी फेस केला, ब्रश फिरवला, काळं पाणी ओढून घेतलं. ते पाणी पाहून समाधान वाटलं, आणि गालिच्याचे रंगही उजळले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर ओल्या गोणपाटाचा वास नाकात शिरला. खिडक्या उघडल्या, उदबत्ती लावली, वास हटेना. आई कोल्हापूरहून आली होती. ती खाली बसली, गालिच्याचा कोपरा उलटा केला, पाठीवर तळहात फिरवला आणि म्हणाली, "अगं, हा वरून वाळलाय. खालून ओलाच आहे."

धुतलेल्या गालिच्याच्या वासाबद्दल मी नंतर जे जे समजून घेतलं, ते सगळं आईच्या या वाक्याभोवती फिरतं. मळ निघाला की काम झालं असं आपण धरतो. पण मळ काढण्यासाठी आपण गालिच्यात पाणी घातलेलं असतं, आणि ते पाणी परत बाहेर काढणं हे धुण्याइतकंच मोठं काम आहे.

गालिचा म्हणजे वरची मऊ लव एवढंच नसतं. उत्तर प्रदेशातल्या भदोही-मिर्झापूरकडच्या हातगाठीच्या गालिच्यात लव लोकरीची असते आणि तिला धरून ठेवणारे उभे-आडवे धागे बहुतेक सुताचे. स्वस्त प्रकारात लव एका कापडात टोचून बसवतात, पाठीला लॅटेक्सचा, म्हणजे रबरी चिकाचा थर देतात आणि त्यावर आणखी एक कापड किंवा ताग चिकटवतात. या प्रत्येक थराचं पाण्याशी नातं वेगळं. पॉलिप्रॉपिलीनचा धागा पाणी जवळजवळ पीतच नाही. लोकर स्वतःच्या कोरड्या वजनाच्या सुमारे एक तृतीयांश पाणी पोटात घेते, तरी हाताला ओली लागत नाही. सूत आणि ताग पाणी धरून ठेवतात आणि सावकाश सोडतात. ओढणाऱ्या यंत्राचं तोंड वरच्या बाजूला असतं, त्यामुळे लवेतलं पाणी बरंचसं निघतं. पाठीतलं राहतं. आपल्याकडे खाली फरशी किंवा व्हिट्रिफाइड टाइल असते, तिथून पाणी कुठे जाणार? वरचा थर वाळला की हाताला गालिचा कोरडा लागतो, आणि खालचा ओलावा लवेच्या दाट रानातून वाट काढत दोन-दोन दिवस बसून राहतो.

वास आला की आधी आठवावं, तो नेमका कधी आला. निदानाला याचा फार उपयोग होतो.

पाणी पडल्यापडल्या, पहिल्या तासातच वास आला असेल, तर तो बहुधा आधीपासून तिथे असलेलाच वास आहे. पहिल्या पावसाला मातीचा सुगंध येतो, तसंच हे घडतं. १९६४ साली ऑस्ट्रेलियातल्या इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या शास्त्रज्ञांनी 'नेचर'मधल्या लेखात त्या मृद्गंधाला 'पेट्रिकोर' हे नाव दिलं. कोरड्या दिवसांत खडक आणि माती हवेतली तेलकट द्रव्यं धरून ठेवतात, आणि ओलावा आला की ती सुटतात, असं त्यांनी दाखवलं. गालिच्याचे धागेही वर्षभर हेच करत असतात. फोडणीचा धूर, पायांचा घाम, सांडलेलं दूध, कुत्र्याच्या अंगचं तेल यांचे रेणू धाग्यांना चिकटून बसतात. पाण्याचे रेणू आले की ते धाग्यावरची जागा घेतात आणि आधीच्यांना हवेत ढकलतात. शिवाय लोकरीचा स्वतःचा ओला वास असतोच. पावसात भिजलेलं घोंगडं ज्यांनी पांघरलंय त्यांना तो सांगायला नको. हा वास वाळताना कमी होत जातो आणि पुरता वाळल्यावर जातो. त्याला घाबरू नये.

लगेच येणाऱ्या वासात एकच प्रकार खरा त्रासदायक, तो म्हणजे लघवीचा. घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर कधीतरी गालिच्यावर शू झालेली असते. त्यातल्या युरियाचं जिवाणू अमोनियात रूपांतर करतात. आम्लाचा अंश असलेल्या किंवा उदासीन ओलाव्यात हा अमोनिया बहुतेक विद्युतभारित रूपात, क्षार बनून राहतो, आणि त्या रूपात तो हवेत उडत नाही, म्हणून वासही येत नाही. पण गालिचा धुण्याचे बरेच शाम्पू अल्कधर्मी असतात, कारण अल्क तेलकट मळ चांगला सोडवतो. सामू, म्हणजे पीएच, ९च्या वर गेला की तो बांधलेला अमोनिया मोकळा होतो आणि दर्प उसळतो. आठवड्यापूर्वी जिथे काहीच वास नव्हता तिथे धुतल्यावर एकदम यायला लागला, याचं हे साधं कारण. मांजराच्या लघवीत आणखी एक गोष्ट असते: फेलिनीन हे गंधकयुक्त अमिनो आम्ल. ते हळूहळू तुटतं आणि त्यातून निघणारी गंधकयुक्त द्रव्यं अगदी सूक्ष्म प्रमाणातही नाकाला कळतात. म्हणून धुवायला येणाऱ्यांना असे डाग आधीच दाखवावेत. तिथे आधी विकराचं, म्हणजे एन्झाइमचं, द्रावण लावून त्याला सांगितलेला पूर्ण वेळ मुरू द्यायचं, मग धुवायचं, आणि शेवटी सौम्य आम्लाच्या पाण्याने खंगाळायचं, हा क्रम योग्य. लोकरीलाही तो मानवतो, कारण तीव्र अल्काने लोकरीचं प्रथिन दुखावतं.

आमच्याकडे आला तो वास मात्र दुसऱ्या दिवशी आला. तो जिवंत वास होता.

ओलावा, ऊब आणि खायला थोडं काही मिळालं की जिवाणू आणि बुरशी कामाला लागतात. गालिच्यात त्वचेचा कोंडा असतो, खाण्याचे कण असतात, धुऊन उरलेला साबण असतो, आणि सूत-ताग तर बुरशीचं अन्नच. पाव ओलसर डब्यात ठेवला तर बुरशी किती दिवसांत दिसते ते आपण पाहतोच. दिसण्याच्या खूप आधी ती वाढायला लागलेली असते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा सल्ला आहे की भिजलेली वस्तू २४ ते ४८ तासांत पूर्ण वाळवावी, म्हणजे सहसा बुरशी धरत नाही. मी याला मुदत म्हणते. सगळी धडपड ही मुदत गाठण्यासाठी असते.

कुबट वासाचे रेणूही आता ओळखीचे झाले आहेत. अळंबीसारखा वास असतो तो १-ऑक्टेन-३-ऑल नावाच्या अल्कोहोलचा, बुरशी तो हवेत सोडते. मातकट वास असेल तर बहुधा जिओस्मिन. माणसाचं नाक जिओस्मिनच्या बाबतीत विलक्षण तीक्ष्ण आहे, लाख कोटी भागांत पाच-दहा भाग असले तरी ते ओळखतं. पावसाळ्यात घरात वाळवलेल्या कपड्यांच्या वासाचा शोध जपानी संशोधकांनी घेतला. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात 'मोराक्सेला ओस्लोएन्सिस' हा जिवाणू आणि तो बनवत असलेलं ४-मिथिल-३-हेक्झेनॉइक आम्ल यांकडे बोट दाखवलेलं आहे. हा जिवाणू कोरडेपणा बऱ्यापैकी सोसतो. म्हणून एकदा वास धरलेला टॉवेल वाळल्यावर निर्मळ वाटतो आणि अंग पुसलं की पुन्हा वास येतो.

आता मूळ अडचणीकडे येते, ती आहे हवेची. मी हा हिशेब कागदावर मांडला तेव्हा माझा मलाच धक्का बसला. दहा फूट बाय बारा फुटांची, दहा फूट उंचीची खोली घ्या. तिच्यात साधारण ३४ घनमीटर हवा मावते. ३० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवा जास्तीत जास्त ३० ग्रॅम बाष्प धरू शकते, म्हणजे सगळ्या खोलीची धारणशक्ती एक लिटर पाण्याहून किंचित जास्त. भाद्रपदात आर्द्रता ८५ टक्के असेल तर त्यातली बहुतेक जागा आधीच भरलेली आहे. उरली ती सुमारे १५५ ग्रॅमची, म्हणजे कपभर चहाइतकी. गालिच्यात दोन लिटर पाणी राहिलं असेल तर खोलीतली सगळी हवा तेरा-चौदा वेळा बदलायला हवी, आणि तेही प्रत्येक वेळी हवा पूर्ण भरून बाहेर जाते असं गृहीत धरून. प्रत्यक्षात त्याहून कितीतरी जास्त वेळा. हाच गालिचा आर्द्रता ४० टक्के असताना धुतला तर तीच हवा सहाशे ग्रॅमहून जास्त पाणी उचलते.

म्हणजे आपण महाराष्ट्रात, विशेषतः मुंबई-ठाणे-कोकण पट्ट्यात, गालिचे धुवायला वर्षातला सगळ्यात चुकीचा काळ निवडतो. पाहुणे येणार म्हणून गणपतीआधी धुतो, तेव्हा हवेत पाणी घ्यायला जागाच नसते. दसरा-दिवाळीच्या आधी, ऑक्टोबरचं ऊन तापायला लागलं की तेच काम निम्म्या कष्टात होतं. पावसाळ्यात गालिच्याला फक्त कोरडा व्हॅक्यूम करावा आणि डाग पडला तर तेवढाच टिपून घ्यावा, असं माझं ठाम मत झालं आहे.

पण कधी पर्याय नसतो. मग काय करायचं?

वेळ सकाळची घ्यायची. रात्री तापमान उतरतं आणि हवेची धारणशक्ती कमी होते, त्यामुळे संध्याकाळी धुतलेला गालिचा मुदतीतले पहिले दहा-बारा तास फुकट घालवतो. यंत्रवाल्यांना पाणी ओढण्याच्या फेऱ्या वाढवायला सांगायचं. शाम्पूच्या एका फेरीमागे नुसतं पाणी ओढण्याच्या तीन-चार फेऱ्या मागायला संकोच करू नये. यंत्राने ओढलेल्या प्रत्येक लिटरमागे हवेवरचं ओझं तेवढं कमी होतं. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता लागते, म्हणजे विजेच्या पाऊण युनिटपेक्षा थोडी कमी. ही उष्णता खोलीतून, फरशीतून, गालिच्यातूनच यायची असते. त्यामुळेच वाळत असलेला गालिचा हाताला गार लागतो. गार लागतोय तोवर आत ओल आहे, ही सोपी खूण.

मुख्य गोष्ट म्हणजे त्याला फरशीवरून उचलायचं. दोन-तीन प्लास्टिकच्या खुर्च्या किंवा लोखंडी खाट असेल तर तिच्यावर पसरला की दोन्ही बाजूंनी हवा लागते. हातगाठीचा जड गालिचा ओला असताना एका दोरीवर टांगू नये, त्याचे उभे धागे ताणतात. पंखा छताचा चालेल, पण जमिनीवर ठेवलेला टेबलफॅन जास्त उपयोगी, आणि तो आडवा, गालिच्याच्या पृष्ठभागावरून वारा घासत जाईल असा लावावा. ओल्या पृष्ठभागालगत बाष्पाने भरलेल्या हवेचा पातळ थर साचतो. तो सतत हलला नाही तर वरची हवा कितीही कोरडी असो, पाण्याला पुढे जाता येत नाही.

खिडकी उघडी की बंद, यावर आमच्या घरात वाद झाला होता. उत्तर घरात एसी आहे का यावर आहे. एसी असेल तर खिडक्या बंद करून तो ड्राय मोडवर लावावा. त्याच्या थंड नळ्यांवर हवेतलं बाष्प पाणी होऊन गळतं आणि नळीतून बाहेर जातं. बाहेरची दमट हवा आत घेत राहिलो तर एसी तिच्याशीच झगडत बसतो. एसी नसेल तर समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट चालू ठेवावा. बंद खोलीतली हवा तासाभरात भरून जाते. ऊन मिळालं तर उत्तमच. गालिचा उलटा पसरावा, म्हणजे ओली पाठ तापते आणि लवेचा रंगही उडत नाही.

खाण्याच्या सोड्याबद्दल खूप सल्ले दिले जातात, त्यात अर्धं तथ्य आहे. नासलेल्या दुधाचं ब्युटिरिक आम्ल, पायाच्या घामातलं आयसोव्हॅलेरिक आम्ल ही वासाची आम्लं. सोडा त्यांचे क्षार बनवतो आणि क्षार हवेत उडत नाहीत. अमोनियावर मात्र सोडा काही करत नाही, तिथे पाण्यात मिसळलेलं पांढरं व्हिनेगर लागतं. सोडा ओल्या गालिच्यावर टाकू नये. तो चिखल होऊन मुळाशी बसतो आणि निघत नाही. पूर्ण वाळल्यावर भुरभुरावा, रात्रभर ठेवावा आणि व्हॅक्यूम करावा. आणि एक कळकळीने सांगते: घरातलं ब्लीच व्हिनेगरमध्ये किंवा अमोनियाच्या डागावर कधीही घालू नका, त्यातून क्लोरीन आणि क्लोरामीन हे विषारी वायू सुटतात.

अत्तराचे फवारे मी सोडून दिले. त्याने वासाचं कारण जात नाही, आणि दोन वासांचं मिश्रण घरभर राहतं. शिवाय आपलं नाक सततच्या वासाला काही मिनिटांत सरावतं, त्यामुळे वास गेला असं घरच्यांनाच वाटतं आणि पाहुण्यांना दारातच कळतं. खात्री करायची तर जिना उतरून पंधरा मिनिटं बाहेर फिरून यावं आणि आत शिरताना पहिल्या श्वासात काय येतं ते पाहावं.

आठवड्याने डाग परत वर आला आणि त्यासोबत वासही, असं झालं तर ते केशाकर्षण. जुन्या वाड्यांच्या भिंतींना लोणा लागतो तसंच. पाणी खालून वर चढतं, टोकाशी त्याची वाफ होते आणि सोबत आणलेला मळ व साबण लवेच्या टोकांवर सोडून देतं. म्हणजे खाली जास्त पाणी राहिलं होतं. तेवढा भाग कमी पाण्याने खंगाळून पुन्हा ओढून घ्यावा. लॅटेक्सची पाठ असलेल्या जुन्या गालिच्याला मात्र जळक्या रबरासारखा वास येत असेल आणि खालून पांढरी भुकटी गळत असेल, तर तो चीकच संपला आहे. तो धुऊन सुधारणार नाही.

आमचा गालिचा शेवटी खुर्च्यांवर चढवला. खिडक्या बंद केल्या, एसी ड्रायवर ठेवला, खालून टेबलफॅन लावला. एसीच्या नळीखाली बादली ठेवली होती, ती संध्याकाळपर्यंत बरीच भरली. आई दर दोन तासांनी उठून पाठीवर तळहात ठेवत होती. रात्री साडेनऊला ती म्हणाली, "आता गार लागत नाही."