आर्मेचर भरावे की नवे मशीन घ्यावे : एका जुन्या हिशेबाची पार्श्वभूमी

जर्मनीतील स्टुटगार्टच्या फाइन कंपनीने १८९५ मध्ये विजेवर चालणारे हातातले ड्रिल बनवले आणि पिस्तुलासारखी मूठ व बोटाने दाबायचा खटका असलेल्या ड्रिलचे पेटंट अमेरिकेतील ब्लॅक अँड डेकरला १९१७ मध्ये मिळाले. बाहेरचे रूप पुढे बदलत गेले, तरी वायर लावून चालणाऱ्या बहुतेक ड्रिल आणि ग्राइंडरमध्ये आजही तशाच धाटणीची मोटर असते : बाहेर फील्ड म्हणजे चुंबकत्व तयार करणारी स्थिर गुंडाळी, आत फिरणारे, तांब्याच्या तारेचे वेढे असलेले आर्मेचर आणि त्याच्या टोकाच्या कॉम्युटेटरवर, म्हणजे तांब्याच्या पट्ट्यांच्या गोलावर, घासून वीज पोहोचवणारे दोन कार्बन. कार्बन हे झिजण्यासाठीच असतात. ते वेळेवर बदलले नाहीत, तर ठिणग्या वाढून कॉम्युटेटर खरवडला जातो आणि थोडक्या पैशांचे काम थेट आर्मेचरवर जाते.

मुंबईत मुलुंडच्या रॅलीवुल्फ कंपनीची यंत्रे आणि १९७६ मध्ये स्थापन झालेल्या, कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळच्या कुलकर्णी पॉवर टूल्सची यंत्रे ज्या काळात कारखान्यांत स्थिरावली, त्या काळात आयातीवर कडक बंधने होती. त्यामुळे मशीन टाकून देण्याचा विचार सहसा कोणी करत नसे. शिवाय शेतीपंपांच्या मोटारी भरून देणारी, म्हणजे जळलेली तार काढून नवी गुंडाळून देणारी, दुकाने तालुक्याच्या गावीही होती आणि त्याच कारागिरांच्या हाती ड्रिलचे आर्मेचरही येई. जळलेली तार कापून काढायची, वेढे मोजून ठेवायचे, खाचांत नवा इन्सुलेशन कागद घालून त्याच गेजची, म्हणजे जाडीची, तांब्याची तार भरायची, टोके कॉम्युटेटरला डाग देऊन जोडायची, व्हार्निश पाजून भट्टीत सुकवायचे आणि शेवटी लेथवर कॉम्युटेटर साफ करायचा, असे ते काम. वेढे मोजण्यात चूक झाली, तर भरलेले आर्मेचर पुन्हा तापते; ‘भरलेले टिकत नाही’ ही तक्रार पुष्कळदा तिथूनच येते.

१९९१ नंतर आयात सैल झाली, १ एप्रिल २००१ रोजी संख्यात्मक निर्बंधांचा, म्हणजे किती माल आणता येईल यावरील मर्यादांचा, उरलेला भागही उठला आणि स्वस्त परदेशी मशीनने बाजार भरला. इथे दुरुस्ती की नवे मशीन हा हिशेब उलटला, कारण मजुरी वाढत असताना नव्या मशीनची किंमत उतरत गेली. तयार आर्मेचर सुटे मिळू लागल्याने भरण्याचे कामही मागे पडले. स्वस्त मशीनमध्ये मात्र आर्मेचर, बेअरिंग आणि मजुरी मिळून नव्या मशीनच्या किमतीजवळ जातात. तरीही जुने ते सगळेच चांगले, असे मानण्याचे कारण नाही. धातूच्या बॉडीच्या जुन्या ड्रिलची अर्थिंगची तार आत तुटलेली असेल, तर ते हातात धरणे जिवावर बेतू शकते. दुहेरी इन्सुलेशनच्या प्लास्टिक बॉडीने हा धोका बराच कमी केला.

बॅटरीच्या यंत्रांनी प्रश्नाचे रूपच बदलले. ब्लॅक अँड डेकरचे बिनवायरचे ड्रिल १९६१ मध्ये आले, तर लिथियम-आयन पॅक २००५ च्या सुमारास या धंद्यात शिरले. बहुतेक कंपन्यांच्या पॅकची खाच वेगळी असते आणि जुन्या निकेल-कॅडमियम पॅकचे उत्पादन थांबले, की धडधाकट मोटरचे ड्रिलही कपाटात पडून राहते. आतले सेल बदलणारे कारागीर आहेत. मात्र लिथियमच्या पॅकमधील संरक्षक सर्किट वगळून केलेली जोडणी आगीला निमंत्रण ठरते. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी ड्रिल, करवती यांसारखी विजेची अवजारेही यादीत घेतली असून मोडीत निघालेल्या यंत्रांच्या पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. सुटे भाग किती वर्षे मिळत राहावेत, हा दुरुस्तीवाल्याचा खरा प्रश्न मात्र त्या नियमांच्या कक्षेबाहेरच राहिला आहे.