फ्लूवरील विषाणुरोधक औषधे

फ्लू हा इन्फ्लुएंझा विषाणूमुळे होणारा श्वसनमार्गाचा आजार. त्यावर थेट काम करणारी औषधे मोजकीच असून ती डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यायची असतात. भारतात मुख्यतः ओसेल्टामिविर वापरतात. ते ताप उतरवण्याचे औषध नव्हे आणि प्रतिजैविकही नव्हे. साध्या सर्दीवर, कोविडवर किंवा डेंग्यूवर त्याचा काहीच उपयोग होत नाही.

पेशीत तयार झालेले नवे विषाणू तिच्या पृष्ठभागाला चिकटून राहतात. न्यूरामिनिडेझ नावाचे विकर (एन्झाइम) ही पकड सोडवते आणि विषाणू पुढच्या पेशींकडे सुटतात. ओसेल्टामिविर नेमके हे विकर अडवते. म्हणजे पसरून गेलेल्या विषाणूचे ते फारसे काही बिघडवू शकत नाही. म्हणूनच औषध पहिल्या 48 तासांत सुरू करण्याला एवढे महत्त्व आहे. हे तास पहिली कणकण आली तेव्हापासून मोजायचे, फार्मसीतून गोळ्या आणल्यापासून नव्हे. आजार गंभीर असेल तर मात्र दोन दिवस उलटून गेले तरी डॉक्टर औषध सुरू करतात.

धडधाकट माणसाचे दुखणे या औषधाने जेमतेम एका दिवसाने कमी होते. त्यामुळे प्रत्येकाला ते देण्याची गरज नसते. विश्रांती, पेज, भरपूर पाणी आणि पॅरासिटामॉल यांवर बहुतेक जण बरे होतात. खरी निकड असते ती 65 वर्षांवरील माणसे, लहान मुले (विशेषतः दोन वर्षांखालची), गरोदर व नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रिया, तसेच दमा, मधुमेह, हृदयाचे किंवा मूत्रपिंडाचे विकार असलेले रुग्ण यांना. यांच्या बाबतीत तपासणीच्या अहवालाची वाट पाहत औषध लांबवू नये.

गोव्यात हा प्रश्न पावसाळ्यात विशेष जाणवतो. देशाच्या बऱ्याच भागांत फ्लू पावसात आणि पुन्हा जानेवारी ते मार्चमध्ये वाढतो. चवथीला (गणेश चतुर्थीला) घर भरलेले असते, मुंबईहून मंडळी आलेली असतात, माटोळीखाली (गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या आराशीखाली) सगळे दाटीवाटीने आरतीला उभे असतात. त्यात एखादा खोकत असेल आणि त्याच खोलीत मधुमेह असलेली आजी बसलेली असेल, तर दुसऱ्या दिवशी तिला आलेल्या तापाची दखल त्याच दिवशी घ्यायला हवी. ‘पाहुणे गेले की डॉक्टरकडे जाऊ’ म्हणण्यात मोलाचे दोन दिवस निघून जातात.

याच दिवसांत डेंग्यू आणि शेतात वावरणाऱ्यांना होणारा लेप्टोस्पायरोसिसही असतो. काजूच्या हंगामात सत्तरी तालुक्यात माकडतापाची (गोचिडीमुळे होणाऱ्या विषाणूजन्य तापाची) शंका घ्यावी लागते. सुरुवातीला हे सगळे ताप सारखेच वाटतात. डेंग्यू नाही याची खात्री होईपर्यंत ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नये. मुलांना तर फ्लूमध्येही ॲस्पिरिन देत नाहीत.

शागोतीच्या (गोव्यातल्या मसालेदार रश्श्याच्या) मसाल्यातले चक्रीफूल आणि या औषधाचा संबंध खरा आहे. ओसेल्टामिविर बनवण्यासाठी लागणारे शिकिमिक आम्ल त्यातून काढले जाई. मात्र कारखान्यात अनेक रासायनिक टप्पे पार केल्यावरच त्या आम्लाचे औषध होते. चक्रीफुलाचा काढा त्याची जागा घेऊ शकत नाही.

प्रौढांसाठी नेहमीची मात्रा 75 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, पाच दिवस, म्हणजे एकूण दहा कॅप्सूल. तिसऱ्या दिवशी ताप उतरला तरी ठरलेला कोर्स पूर्ण करावा आणि उरलेल्या गोळ्या शेजाऱ्याला देऊ नयेत. मुलांची मात्रा वजनावर ठरते. पातळ औषधाच्या बाटलीवर एका मिलिलिटरमध्ये किती मिलिग्रॅम आहे ते वाचून डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेशी ताडून पाहावे, बाटली हलवावी आणि पिचकारीनेच मोजावे. स्वयंपाकघरातल्या चमच्याने नव्हे. औषध मूत्रपिंडावाटे बाहेर पडते, म्हणून किडनीचा त्रास असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे. त्यांना मात्रा कमी करावी लागते.

मळमळ आणि उलटी हे नेहमीचे त्रास. जेवणाबरोबर घेतल्यास ते कमी होतात. क्वचित, विशेषतः मुलांमध्ये, भ्रम किंवा विचित्र वागणे दिसल्याच्या नोंदी आहेत. तसे झाल्यास लगेच डॉक्टरांना कळवावे. एखादी मात्रा राहिली तर आठवताच घ्यावी, पण पुढची वेळ दोन तासांच्या आत असेल तर राहिलेली सोडून द्यावी.

2009 च्या स्वाइन फ्लूच्या साथीत या औषधाच्या विक्रीवर कडक निर्बंध होते. 2017 मध्ये ते अनुसूची एच-1 मध्ये, म्हणजे चिठ्ठीवर आणि नोंद ठेवूनच विकायच्या औषधांच्या यादीत, आले. त्यामुळे फार्मसीवाला चिठ्ठी मागतो आणि डॉक्टरांचे व रुग्णाचे नाव वहीत उतरवून घेतो. विनाकारण वापरल्याने औषधाला न जुमानणारे विषाणू वाढू शकतात, त्यासाठी ही काळजी. 

धाप लागणे, छातीत दुखणे, ओठ निळसर पडणे, गुंगी येणे, किंवा उतरलेला ताप पुन्हा चढून खोकला वाढणे यांपैकी काहीही दिसले तर घरी कॅप्सूलवर विसंबू नये. 108 ला फोन करावा, किंवा जवळचे जिल्हा इस्पितळ अथवा बांबोळीचे गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज) गाठावे.