गुळगुळीत की खरखरीत: स्तनरोपणाच्या कवचामागची साठ वर्षं

ताईच्या ऑपरेशनआधी सर्जनच्या खोलीत टेबलावर दोन नमुने ठेवलेले होते. एक हातात घेतला तर ओल्या साबणाच्या वडीसारखा निसटत होता. दुसऱ्यावरून बोट फिरवलं की बारीक पॉलिश पेपरसारखी खरखर लागत होती. आत दोन्हींत सिलिकॉनचं जेल, फरक फक्त वरच्या कवचाचा, आणि ते कवच एक मिलिमीटरसुद्धा जाड नसतं. "खरखरीत आम्ही आता सहसा वापरत नाही," डॉक्टर म्हणाले. ताईने लगेच विचारलं, "मग डॉक्टर, ते बनवलं तरी कशासाठी होतं?"

प्रश्न रास्त होता. बाहेर पेशंटची रांग लागलेली असताना त्याचं पूर्ण उत्तर देणं कुणालाही जमणार नाही, कारण ते 1962 पासून सुरू होतं.

त्या वर्षी अमेरिकेत ह्यूस्टनच्या जेफरसन डेव्हिस रुग्णालयात टिमी जीन लिंडसे नावाची एक बाई छातीवरचं गोंदण काढून घ्यायला आली होती. सहा मुलांची आई. स्तन मोठे करून घ्यायचे, असं तिच्या मनातही नव्हतं. थॉमस क्रोनिन आणि फ्रँक गेरो या डॉक्टरांनी तिला नव्या शस्त्रक्रियेबद्दल विचारलं, तेव्हा तिला आपले बाहेर आलेले कान नीट करून हवे होते. तेही करून देऊ असं ठरलं आणि ती तयार झाली. अशा रीतीने जगातलं पहिलं सिलिकॉन जेलचं स्तनरोपण झालं. ते डाऊ कॉर्निंग कंपनीच्या सिलिकॉनचं होतं, आकार थेंबासारखा, कवच गुळगुळीत. पण त्याच्या पाठीमागे डेक्रॉन या कृत्रिम धाग्याच्या जाळीचे तुकडे चिकटवलेले होते. त्या जाळीत शरीराच्या पेशी वाढाव्यात आणि रोपण जागचं हलू नये, हा हेतू. म्हणजे रोपण आत सुटं राहावं की शरीराला धरून बसावं, हा प्रश्न पहिल्या दिवसापासूनच होता. पुढे जे जे झालं ते या एका प्रश्नाभोवतीच फिरत राहिलं, असं मला वाटतं.

कुठलीही परकी वस्तू आत राहिली की शरीर तिच्याभोवती स्वतःची भिंत बांधतं. पायात मोडलेल्या काट्याभोवती बांधतं, तशीच रोपणाभोवतीही. या पातळ तंतुमय पिशवीला डॉक्टर कॅप्सूल म्हणतात. ती सगळ्यांनाच तयार होते आणि बहुतेकींना तिचा काही त्रास नसतो. काही जणींत मात्र ती आकसू लागते. गुळगुळीत कवचाभोवती तंतू एकाच दिशेने, एकमेकांना समांतर रचले जातात. सगळे मिळून आवळले गेले की मऊ रोपण मुठीत दाबलेल्या फुग्यासारखं होतं: वर सरकलेलं, टणक, दुखरं. 1975 मध्ये बेकर या सर्जनने या आकसण्याच्या चार पायऱ्या ठरवल्या. पहिली म्हणजे स्तन नैसर्गिक वाटतो. चौथी म्हणजे तो घट्ट आहे, आकार बिघडलेला आहे आणि दुखतो. आजही डॉक्टर केसपेपरवर हीच श्रेणी लिहितात.

त्या काळात यावर एक उपाय सर्रास केला जाई. डॉक्टर दोन्ही हातांनी स्तन जोरात दाबून आतली कॅप्सूल फोडत. चिरा नाही, टाके नाहीत, फक्त हाताचा जोर. कॅप्सूल फाटली की स्तन मऊ होई, पण कधी कधी रोपणही फुटे, आणि काही महिन्यांनी पुन्हा तेच. कंपन्यांनीच पुढे हे करू नका असं सांगितलं. हे वाचताना मला त्या खोलीतली बाई डोळ्यांसमोर येत राहते. तिच्या दुखण्याचं नाव पाठ्यपुस्तकात होतं, पण त्यावरचा उपाय हाताच्या जोराच्या पुढे गेला नव्हता.

खरखरीत कवच या दुखण्यावर उपाय म्हणून आलं. 1970 च्या सुमारास फ्रँकलिन ॲशली यांनी पॉलियुरेथेनच्या फोमचा थर दिलेलं रोपण आणलं. या रोपणांभोवती कॅप्सूल फारशी आवळत नाही, असं डॉक्टरांच्या लक्षात येऊ लागलं. फोमच्या छिद्रांत पेशी वाढतात, तंतूंना एक दिशा मिळत नाही आणि एकत्र आवळण्याची ताकद उरत नाही. मात्र हा फोम शरीरात हळूहळू विघटित होतो, आणि त्यातून निघणाऱ्या एका रसायनाने प्राण्यांमध्ये कर्करोग होतो असं दिसलं होतं. 1991 मध्ये अमेरिकेतल्या बाजारातून ही रोपणं काढून घेतली गेली. ब्राझील आणि जर्मनीत मात्र ती बनत राहिली.

मग 1980 च्या दशकात कंपन्यांनी तोच परिणाम फोमशिवाय, निव्वळ सिलिकॉनमध्ये साधायचं ठरवलं. कवच कसं बनतं हे आधी पाहू. रोपणाच्या आकाराचा साचा पातळ सिलिकॉनमध्ये बुडवून काढायचा, सुकू द्यायचा, पुन्हा बुडवायचा. मेणबत्ती ओतीव न करता थर चढवून करतात, तसंच काहीसं. मॅकगॅन कंपनीच्या बायोसेल कवचासाठी शेवटचा थर चिकट असतानाच त्यावर मिठाचे खडे लावत, वर आणखी एक पातळ थर देत, भट्टीत पक्कं करत आणि मग मीठ धुऊन, घासून काढत. खड्यांच्या जागी उघडी छिद्रं उरत, काही अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही रुंद. मेंटॉर कंपनीने सिलटेक्स कवचासाठी ओल्या सिलिकॉनवर फोमचा ठसा उमटवला. ती खरखर बरीच बारीक होती. दोन्हींना एकच नाव पडलं, 'टेक्स्चर्ड'. पुढची कित्येक वर्षं दोन्हींकडे एकाच नजरेने पाहिलं गेलं. ही चूक महागात पडली.

1990 च्या दशकात खरखरीत कवचाला आणखी एक काम मिळालं. गोल रोपण आत फिरलं तरी कळत नाही. थेंबाच्या आकाराचं फिरलं तर स्तन वाकडा दिसतो. त्यामुळे अशा रोपणाला शरीराने घट्ट धरून ठेवणं भाग होतं, आणि बायोसेलची मोठी छिद्रं ते काम चोख करत. कर्करोगामुळे स्तन काढलेल्या स्त्रियांसाठी हा आकार अनेक सर्जनना पसंत होता. युरोप आणि ऑस्ट्रेलियात खरखरीत रोपणं नेहमीची झाली. अमेरिकेत मात्र गुळगुळीतच जास्त चालत राहिली.

अमेरिकेत 1992 मध्ये एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, सिलिकॉन जेलच्या रोपणांवर मोठे निर्बंध आणले आणि ते 2006 पर्यंत राहिले. त्या वादात सगळ्यांचं लक्ष आतल्या जेलवर होतं: ते झिरपतं का, त्याने संधिवातासारखे आजार होतात का. कवचाच्या पृष्ठभागाकडे फारसं कुणी पाहिलं नाही.

1997 मध्ये कीच आणि क्रीच या दोन डॉक्टरांनी प्लास्टिक सर्जरीच्या नियतकालिकात एक छोटं पत्र लिहिलं. रोपणाजवळ एका स्त्रीला लिम्फोमा झाला होता, लसिकापेशींचा एक दुर्मीळ कर्करोग, ॲनाप्लास्टिक लार्ज सेल प्रकारचा. त्या रोपणात जेल नव्हतं, सलाइन म्हणजे मिठाचं पाणी होतं. एका केसवरून कुणी काही ठरवत नाही, हे मान्य. पण पत्रं येत राहिली. 2008 मध्ये नेदरलँड्सच्या संशोधकांनी रोपण आणि हा लिम्फोमा यांचा संबंध आकडेवारीने दाखवला. 2011 च्या जानेवारीत एफडीएने पहिला इशारा दिला, तेव्हा जगभरात सुमारे 60 केस माहीत होत्या. 2016 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या आजाराला स्वतंत्र नोंद दिली.

हा स्तनाच्या ऊतीचा कर्करोग नाही. तो कॅप्सूलमध्ये आणि तिच्याभोवतीच्या पाण्यात वाढतो. बहुतेकदा ऑपरेशननंतर आठ-दहा वर्षांनी एका बाजूला अचानक सूज येते. ते पाणी सुईने काढून त्यातल्या पेशींवर सीडी30 ही खूण आहे का ते तपासावं लागतं. नुसत्या मॅमोग्राफीवर भागत नाही. वेळीच कळलं तर रोपण आणि पूर्ण कॅप्सूल काढली की बहुतेक जणी बऱ्या होतात. उशीर झाला तर हाच आजार जीव घेतो.

हा आजार मोठ्या छिद्रांच्या खरखरीत कवचाभोवती जास्त दिसला. असं का होतं, याबद्दल मतं अनेक आहेत. छिद्रांत जिवाणूंचा थर घर करून राहतो आणि वर्षानुवर्षं दाह चालू ठेवतो, हे एक. कवच घासून सुटणारे सिलिकॉनचे कण, हे दुसरं. काही स्त्रियांची जनुकीय ठेवण, हे तिसरं. बहुधा हे सगळं एकत्र येत असावं.

2018 च्या डिसेंबरमध्ये युरोपातलं प्रमाणपत्र नूतनीकरण न झाल्याने ॲलर्गनने (मॅकगॅनची रोपणं तोवर या कंपनीकडे आली होती) तिथली खरखरीत रोपणांची विक्री थांबवली. एप्रिल 2019 मध्ये फ्रान्सने मोठ्या छिद्रांची आणि पॉलियुरेथेनची रोपणं बंद केली. 24 जुलै 2019 ला एफडीएच्या सांगण्यावरून ॲलर्गनने बायोसेल जगभरातून परत मागवलं. त्या दिवशीचे आकडे असे: 573 केस, 33 मृत्यू. केसपैकी 481 ॲलर्गनच्या रोपणांच्या. ज्या 13 मृत्यूंत कंपनी माहीत होती, त्यांपैकी 12 मध्ये ॲलर्गन. इतर कंपन्यांच्या खरखरीत रोपणांच्या मानाने बायोसेलचा धोका सुमारे सहापट, असं एफडीएने सांगितलं. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयाने आपल्या साडेतीन हजारांवर स्त्रियांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा मोठ्या छिद्रांच्या रोपणात दर 355 जणींमागे एकीला हा लिम्फोमा झालेला दिसला.

1997 ते 2019 म्हणजे बावीस वर्षं. एवढ्या काळात मिठाच्या खड्यांची आणि ठशाची खरखर वेगवेगळी मोजली गेली असती, तर हे चित्र कितीतरी आधी स्पष्ट झालं असतं, असं मला मनापासून वाटतं. कवचाच्या खरखरीनुसार वर्ग पाडणारं आंतरराष्ट्रीय मानक 2018 मध्ये आलं: 10 मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आत गुळगुळीत, 10 ते 50 सूक्ष्म, त्यापुढे मोठी.

त्रास नसेल तर आधीचं रोपण नुसत्या भीतीपोटी काढू नका, असं एफडीएने तेव्हाच सांगितलं. आणि गुळगुळीत घेतलं म्हणजे सगळं निभावलं, असंही नाही. कॅप्सूल आकसण्याचा जुना धोका त्यात आहेच. रोपण स्नायूखाली ठेवलं तर तो बराच कमी होतो. 2022 मध्ये कॅप्सूलमधल्या आणखी एका कर्करोगाबद्दल, स्क्वॅमस सेल प्रकाराबद्दल, एफडीएने इशारा दिला. त्या केस फार थोड्या आहेत, पण त्या दोन्ही प्रकारच्या रोपणांत सापडल्या आहेत. 2021 पासून अमेरिकेत रोपणाच्या माहितीपत्रकावर चौकटीतला इशारा छापावा लागतो आणि ऑपरेशनआधी पेशंटसमोर धोक्यांची यादी वाचून सही घ्यावी लागते.

आपल्याकडे हा विषय बहुतेकदा कर्करोगाच्या वाटेने घरात येतो. भारतातल्या स्त्रियांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा कर्करोग स्तनाचाच आहे. स्तन काढल्यावर कातडी हळूहळू ताणण्यासाठी आधी जे एक्सपांडर बसवतात, त्यातले बायोसेल कवचाचे एक्सपांडरही 2019 मध्ये परत मागवले गेले होते, हे पुष्कळांना माहीत नसतं.

त्या दिवशी बाहेरच्या बाकावर आमच्या शेजारी एक काकू बसल्या होत्या. त्यांचं ऑपरेशन 2009 चं, दुसऱ्या शहरातलं. एका बाजूला सूज आली म्हणून आल्या होत्या. पिशवीतून त्यांनी डिस्चार्ज कार्ड काढून मला दाखवलं. त्यावर लिहिलं होतं, 'सिलिकॉन इम्प्लांट, डावी बाजू'. कंपनी नाही, नंबर नाही, गुळगुळीत की खरखरीत तेही नाही. "बाळा, यात कळतं का काही?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हणाले.

ताईच्या रोपणाच्या खोक्यातून दोन स्टिकर निघाले. एक रुग्णालयाच्या फाइलवर लागला. दुसरा तिच्या कार्डावर: कंपनी, मॉडेल, आकारमान, सिरियल नंबर आणि 'स्मूथ' हा शब्द. मी त्या कार्डाचा फोटो काढून तिला, भाओजींना आणि स्वतःलाही पाठवला. कार्ड ताईने रेशनकार्ड आणि मुलांचे जन्मदाखले ठेवते त्या प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घातलं.