टेट विकरे
डीएनएमधील सायटोसीनावरील (डीएनएच्या चार घटक क्षारकांपैकी एकावरील) मिथिल गटाचे ऑक्सिडीकरण करणारी विकरे (एंझाइमे). सस्तन प्राण्यांत टेट-१, टेट-२ व टेट-३ असे त्यांचे तीन प्रकार आहेत. विक्रियेसाठी त्यांना फेरस लोह, ऑक्सिजन व अल्फा-कीटोग्लुटारेट लागते. अल्फा-कीटोग्लुटारेट हे क्रेब्ज चक्रातील (पेशीत ऊर्जा मिळविणाऱ्या विक्रियांच्या मालिकेतील) संयुग असल्याने पेशीचा चयापचय आणि तिच्या जनुकांवरील मिथिल खुणा (जनुकांच्या कार्याचे नियमन करणारे मिथिल गट) येथे एकमेकांशी जोडल्या जातात. विक्रियेत निर्माण होणारे सक्सिनेट साचल्यास विकराला रोध होतो. त्यामुळे अल्फा-कीटोग्लुटारेट व सक्सिनेट यांचे गुणोत्तर महत्त्वाचे मानतात. हिस्टोनांवरील (डीएनए ज्यांभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनांवरील) मिथिल गट काढणाऱ्या अनेक विकरांनाही हेच लागू पडते.

विक्रियेतून प्रथम ५-हायड्रॉक्सिमिथिलसायटोसीन मिळते. जीवाणुभक्षी विषाणूंत ते वायट व कोहेन यांनी १९५२ मध्ये दाखविले. उंदरासारख्या प्राण्यांच्या मेंदूत व यकृतातही ते असल्याचा दावा १९७२ मध्ये झाला. पण त्यात दिलेले प्रमाण फारच मोठे होते व इतरांना त्याचा पडताळा आला नाही. २००९ मध्ये मात्र दोन गटांनी ते स्वतंत्रपणे दाखविले : क्रियाउसिओनिस व हाइन्त्स यांनी मेंदूतील पुर्किंजे पेशींत (अनुमस्तिष्कातील मोठ्या तंत्रिका पेशींत), तर अंजना राव यांच्या गटाने भ्रूणीय मूलपेशींत (ज्यांपासून इतर प्रकारच्या पेशी घडतात अशा पेशींत). राव यांच्या गटाने टेट-१ हेच ते घडविणारे विकर असल्याचेही सिद्ध केले. सस्तन प्राण्यांतील त्याच्या शोधाचा आरंभ २००९ पासून धरणे त्यामुळे अधिक युक्त वाटते. टेट-१ चे जनुक त्यापूर्वीच रक्ताच्या कर्करोगात, १० व ११ या गुणसूत्रांमधील स्थानांतरणामुळे (तुकड्यांच्या अदलाबदलीमुळे) माहीत झाले होते.

मूलपेशींची ओळख टिकविण्यास टेट-१ आवश्यक आहे, असे २०१० मध्ये मांडले गेले. पुढच्याच वर्षी टेट-१ नसलेले उंदीर जगतात, असे आढळले. तिन्ही टेट जनुके काढलेल्या मूलपेशी स्वतःची संख्या वाढवू शकतात, पण त्यांचे विभेदन (विशिष्ट प्रकारच्या पेशींत रूपांतर) नीट होत नाही. त्यावरून ही विकरे मूलपेशीपण राखण्यापेक्षा त्यातून बाहेर पडण्यासाठी अधिक लागतात, हे मत ग्राह्य दिसते.

उंदराच्या आद्यावस्थेतील मूलपेशींत अल्फा-कीटोग्लुटारेट वाढविल्यास मूलपेशीपण टिकते (२०१५). विभेदनोन्मुख मानवी मूलपेशींत त्यानेच विभेदनाचा वेग वाढतो (२०१६). हा विरोध बहुधा पेशींच्या भिन्न अवस्थांमुळे असावा.

क जीवनसत्त्वामुळे टेटची क्रियाशीलता वाढते. रक्तनिर्मितीच्या मूलपेशींत त्याचे प्रमाण विशेष असते. ते कमी पडल्यास उंदरांत या पेशींची संख्या वाढते, टेट-२ चे कार्य मंदावते आणि रक्ताच्या कर्करोगाला गती मिळते (२०१७).