जुने ग्राफिक्स कार्ड बंद पडल्यास : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

‘डिस्प्ले येत नाही, कार्ड गेले’ असे सांगून वडोदऱ्यातील दांडिया बाजारातल्या आमच्या दुकानात आणलेली काही कार्डे मुळात बिघडलेलीच नसतात. म्हणून कार्ड आणण्याआधी आपण घरी काय पाहावे, आमच्या टेबलावर त्याचे काय होते आणि कोणते काम आम्ही घेत नाही, हे या पत्रकात लिहिले आहे.

प्रथम संगणक बंद करून मुख्य वायर काढावी, कार्ड स्लॉटमधून बाहेर घ्यावे, त्याच्या सोनेरी पट्ट्या पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने पुसाव्यात आणि कार्ड पुन्हा खटका बसेपर्यंत नीट बसवावे. मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या नव्हे, तर कार्डाच्याच पोर्टला लावलेली आहे ना, हेही पाहावे. स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. त्याहून अधिक लागणाऱ्या कार्डाला सहा पिनांच्या जोडणीतून आणखी ७५ किंवा आठ पिनांच्या जोडणीतून १५० वॅट द्यावे लागतात, आणि ती जोडणी सैल असेल तर पंखा फिरूनही पडदा काळाच राहू शकतो. येथे एक कळकळीची सूचना आहे. एका एसएमपीएसच्या (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) सुट्या केबली दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसला लावू नयेत, कारण टोक बसले तरी आतल्या तारांचा क्रम निराळा असू शकतो. तसेच प्रोसेसरसाठीची आठ पिनांची केबल कार्डाच्या सॉकेटमध्ये जोर लावून बसवू नये, कारण तिचे धन आणि ऋण उलट बाजूंना असतात. अशा एका चुकीने धडधाकट कार्ड क्षणात जळते.

दुसरी गोष्ट नव्या मदरबोर्डची. साधारण २०१२ पूर्वीच्या बहुतेक कार्डांच्या बायोसमध्ये, म्हणजे कार्डातच साठवलेल्या सुरुवातीच्या प्रोग्राममध्ये, यूईएफआय या संगणक सुरू करण्याच्या नव्या पद्धतीचा भाग नसतो आणि नव्या बोर्डवर सीएसएम ही जुन्या पद्धतीची सोय बंद असेल तर असे कार्ड सुरुवातीला काहीच दाखवत नाही. कलाभवनात (विद्यापीठाच्या अभियांत्रिकी शाखेत) शिकणारा एक विद्यार्थी काकांकडून मिळालेले जुने कार्ड घेऊन आमच्याकडे आला होता. त्याने नवीन बोर्ड घेतला, कार्ड त्यात चालले नाही, म्हणून ते भंगारात द्यायचे ठरले होते. आमच्या जुन्या चाचणी संगणकात ते पहिल्याच वेळी चालले. त्याच्या नव्या बोर्डवर सीएसएम सुरू करून आम्ही कार्ड त्याला परत दिले.

या तपासण्यांनंतरही कार्ड चालत नसेल, तरच ते खरोखर आमच्या कामाचे. आमचा एक नियम आहे : मोजल्याशिवाय कार्डाला वीज द्यायची नाही आणि तापवायचेही नाही. हीटसिंक उतरवून, जुनी थर्मल पेस्ट पुसून आम्ही प्रत्येक वीजवाहिनीचा ग्राउंडशी (बोर्डाच्या सामायिक ऋण बाजूशी) असलेला रोध मल्टिमीटरने मोजतो. त्यात १२ व्होल्टची मुख्य वाहिनी, ३.३ व्होल्टची वाहिनी, मेमरीची वाहिनी आणि मुख्य चिपची वाहिनी येतात. यातील शेवटच्या वाहिनीबाबत अनेकांची फसगत होते, कारण मोठ्या चिपचा रोध निरोगी स्थितीतही एका ओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी भरतो, मल्टिमीटर बीप वाजवतो आणि नवशिका कारागीर ‘शॉर्ट आहे’ असे सांगून मोकळा होतो. १२ व्होल्टच्या वाहिनीवर मात्र इतका कमी रोध आढळला, तर तो निश्चितच दोष असतो.

असा दोष शोधायचा कसा, हे एका उदाहरणाने सांगतो. २०१४ च्या सुमारास घेतलेल्या एका कार्डाची १२ व्होल्टची वाहिनी पूर्ण शॉर्ट होती. आम्ही तिला बाहेरून केवळ एक व्होल्ट दिला, कारण शॉर्ट मॉस्फेटमधून (मुख्य चिपकडे जाणारी वीज चालू-बंद करणाऱ्या भागातून) झाला असता, तर जास्त व्होल्टेज थेट मुख्य चिपपर्यंत पोहोचले असते आणि मग वाचवण्यासारखे काही उरले नसते. त्या भागावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा पातळ थर पसरला. काही सेकंदांत सगळीकडे ओले असताना मोहरीच्या दाण्याएवढी एकच जागा कोरडी पडली. तिथे एक सिरॅमिक कपॅसिटर होता आणि भिंगाखाली त्याच्या कडेला केसासारखी भेग दिसली. तो काढताच शॉर्ट नाहीसा झाला. त्याच मापाचा नवा बसवून डाख दिला आणि कार्ड सुरू झाले. दोष नेहमीच इतका सरळ नसतो. कधी वीज नियंत्रित करणारी चिप गेलेली असते, कधी बायोसच्या आठ पायांच्या छोट्या चिपमधील प्रोग्राम नव्याने भरावा लागतो, तर पडद्यावर चौकोन किंवा रंगीत रेघा येत असतील, तर बहुधा मेमरीची एखादी चिप बदलावी लागते.

बंद कार्ड सुरू व्हावे म्हणून ते ओव्हनमध्ये भाजण्याविषयी बरेच ग्राहक विचारतात. कृपया असे करू नये. घरगुती ओव्हनमध्ये कार्ड साधारण २०० अंश सेल्सिअसला ठेवतात, पण शिसेविरहित डाख सुमारे २१७ अंशांना वितळतो. म्हणजे ‘सुटलेले डाख पुन्हा बसतात’ हे स्पष्टीकरणच लागू पडत नाही. अशी कार्डे काही दिवस चालतात, त्याचे कारण बहुतेक वेळा वेगळे असते : मुख्य चिपच्या सिलिकॉनच्या तुकड्याखालील अतिसूक्ष्म जोड उष्णतेने तात्पुरते चिकटतात आणि पुढच्या ताप-थंडीच्या फेऱ्यांत पुन्हा सुटतात. दरम्यान कनेक्टरचे प्लास्टिक वाकते, द्रवयुक्त कपॅसिटर निकामी होतात आणि ज्यात अन्न शिजते त्या ओव्हनमध्ये धूर जातो. हॉट एअर मारून तात्पुरती चालणारी अशी ‘दुरुस्ती’ आम्ही पैसे घेऊन करत नाही. मुख्य चिपच गेली असेल, तर आम्ही तसे स्पष्ट सांगतो, कारण जुन्या कार्डाची चिप बदलण्याचा खर्च बहुधा कार्डाच्या किमतीपेक्षा जास्त होतो.

पुराच्या पाण्याविषयी वेगळे लिहिणे भाग आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी शहरात शिरली, तेव्हा तळमजल्यावरचे अनेक संगणक पाण्याखाली गेले. भिजलेले कार्ड वाळल्यासारखे दिसले, तरी चिपच्या खाली गाळ आणि क्षार राहतात, आणि वीज देताच तिथे गंज झपाट्याने वाढतो. म्हणून ते सुरू करून पाहू नये, उन्हात किंवा हेअर ड्रायरने तापवू नये. जसेच्या तसे लवकरात लवकर आणावे. कार्ड जितक्या लवकर धुतले जाईल, तितकी आशा अधिक असते.

तपासणीचे शुल्क आम्ही कार्ड ठेवून घेण्यापूर्वी सांगतो आणि दुरुस्ती झाल्यास ते बिलातून वजा करतो. दोष सापडल्यावर खर्च फोनवर कळवून आपला होकार घेतल्याशिवाय एकही भाग बदलत नाही. काढलेले जुने भाग कार्डासोबत परत मिळतात. वीजपुरवठ्याच्या भागातील दुरुस्तीची ९० दिवसांची हमी देतो; भिजलेल्या किंवा आधी भाजलेल्या कार्डाला हमी देता येत नाही, म्हणून आधी काही प्रयोग झाला असल्यास संकोच न करता सांगावे.

कार्ड साध्या प्लास्टिकच्या पिशवीत आणू नये. स्थिर विजेपासून वाचवणारी मूळची चंदेरी पिशवी नसल्यास सुती कापडात गुंडाळून पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवावे. सोबत एसएमपीएसच्या ज्या केबली वापरात होत्या त्याही आणाव्यात, कारण पुष्कळदा दोष तिथेच सापडतो.