फवारणाऱ्याच्या अंगावरचा सुती सदरा

पोळ्याच्या आसपास परभणी-नांदेडच्या शिवारात पऱ्हाटी कमरेला लागते आणि मावा-तुडतुड्यांवर फवारण्या सुरू होतात. पाठीवर पंप, अंगात जुना सुती सदरा, तोंडाला रुमाल. पंपाच्या झाकणातून औषध झिरपतं, ओल्या पानांना घासून बाह्या भिजतात आणि तोच सदरा दिवसभर अंगाला चिकटून राहतो. प्लास्टिकचा कोट घाला, असं सांगणं सोपं आहे. त्या उकाड्यात तो अंगावर ठेवणं अवघड. म्हणून खुद्द सुती कापडालाच संरक्षक बनवण्याचं संशोधन मला मोलाचं वाटतं.

कापसाचा धागा म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोज. ग्लुकोजच्या कड्यांची लांबच लांब साखळी आणि प्रत्येक कड्यावर तीन हायड्रॉक्सिल गट, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या. या गटांना पाण्याची ओढ असते. त्यामुळे सुती कापड घाम टिपतं आणि पाण्यात कालवलेलं विषही पिऊन घेतं. पण रसायनशास्त्रज्ञांना पकड मिळते तीही याच गटांवर. तिथे रासायनिक बंधाने जोडलेला रेणू धुण्यात सहजी निघत नाही. नुसता वरून लावलेला लेप साबणाबरोबर हळूहळू निघून जातो.

बंगळूरच्या 'इनस्टेम' या जीवविज्ञान संशोधन संस्थेने ही पकड वापरली. ऑर्गनोफॉस्फेट, म्हणजे फॉस्फरस असलेली कीटकनाशकं शरीरातलं अ‍ॅसिटाइलकोलिनएस्टरेज हे विकर (एन्झाइम) निकामी करतात. मग मज्जातंतूंचे संदेश थांबतच नाहीत : घाम, लाळ, अंधुक दिसणं, स्नायूंची थरथर आणि शेवटी श्वासावर बेततं. संस्थेने सुती धाग्याला ऑक्झाइम प्रकारचा रेणू जोडला. कापडावर पडलेलं विष कातडीपर्यंत पोचण्याआधी त्या विषातल्या फॉस्फरसचा बंध तिथेच तुटतो. 'किसान कवच' नावाचा हा पोशाख डिसेंबर २०२४ मध्ये आला. तेव्हाची किंमत सुमारे ४,००० रुपये, धुऊन वर्षभर वापरता येणारा. मात्र हे रसायन ऑर्गनोफॉस्फेटसाठी घडवलेलं आहे. इमिडाक्लोप्रिडसारख्या औषधात मुळात फॉस्फरसच नसतो.

उन्हातली अतिनील किरणं अडवायला झिंक ऑक्साइडचे सूक्ष्म कण चालतात, जंतूंना चांदीचे, पाणी झटकायला सिलिकॉन. खरी कसोटी हे गुण एकाच कापडात नांदवण्याची आहे. टायटॅनियम डायऑक्साइड किरणं अडवतं, पण उन्हात ते खुद्द सेल्युलोजलाही पोखरू शकतं. पूर्ण जलरोधक केलेला सदरा घाम टिपत नाही. शिवाय थेंब घरंगळून गेला तर विष तोडणाऱ्या रेणूची आणि त्याची गाठ पडणार कशी? यावर एक चांगली वाट म्हणजे कापडाच्या फक्त बाहेरच्या अंगाला जलरोधक लेप देऊन आतलं अंग कोरं सुती ठेवणं. थर मात्र पातळच हवा, नाहीतर कापड ताठर होतं आणि हवा कोंडते.

प्रयोगशाळेत धुण्याची चाचणी ठरलेल्या यंत्रात, ठरलेल्या साबणाने होते. आपल्याकडे सदरा दगडावर आपटून, ब्रशने घासून निघतो. लेपाला हेही सोसायला हवं. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाकडे कापसाची शेतंही आहेत आणि सामुदायिक विज्ञान महाविद्यालयही. अशी चाचणी तिथे, ऐन फवारणीच्या हंगामात घेता येईल.