गतानुगतिकता

गतानुगतिकता : वाट कुठे जाते हे न पाहता पुढच्याच्या मागोमाग जाणे. बोलीत यालाच मेंढरूपणा किंवा कळपवृत्ती म्हणतात. माहितीच्या बाबतीत तिचे रूप असे, की गोष्ट खरी की खोटी हे तपासायचे सोडून ती किती जण सांगताहेत, एवढेच मोजले जाते.

या शब्दामागे एक जुनी गोष्ट आहे. एक ब्राह्मण गंगेवर स्नानाला गेला. तांब्याचे भांडे चोरीला जाऊ नये म्हणून त्याने ते वाळूत पुरले आणि खुणेसाठी वर वाळूचे लिंग केले. मागून आलेल्यांनी ते पाहिले आणि इथे आधी लिंग करायची रीत असावी, असे समजून त्यांनीही केले. ब्राह्मण पाण्याबाहेर आला तर काठभर लिंगेच लिंगे. ‘गतानुगतिको लोको न लोकः पारमार्थिकः’ (लोक पुढच्याच्या मागे जातात, खरे काय ते पाहत नाहीत) हे वचन त्याच्या तोंडचे. भांडे अर्थात गेलेच. नाशिककर गोदावरीलाही गंगाच म्हणतात. गोष्ट रामकुंडावर घडली असे सांगितले तरी चालून जाईल.

कळपात शिरणारा माणूस मूर्खच असतो असे नाही. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी (२०१९ च्या नोबेलचे एक मानकरी, आई निर्मला माहेरच्या पाटणकर) यांनी १९९२ साली हे दोन उपाहारगृहांच्या उदाहरणाने दाखवले. नाशकात ते मिसळीवर सांगणे सोपे. शेजारीशेजारी मिसळीची दोन दुकाने आहेत. लौकिक पहिल्याचा, पण तो किंचितच बरा. शंभर गिऱ्हाइकांपैकी नव्याण्णवांच्या कानावर दुसरे चांगले असल्याचे आले आहे. उरलेला एक नेमका सर्वांत आधी येतो आणि पहिल्यात शिरतो. त्याच्या मागचा विचार करतो : याला काही तरी ठाऊक असणार, त्याची खबर आणि माझी खबर एकमेकींना छेद देतात, मग लौकिकावर जाऊ. तोही पहिल्यात. तिसऱ्याला तर आत बसलेले दोघे दिसतात. बघता बघता रांग लागते, दुसऱ्या दुकानाचा मालक माश्या मारतो, आणि नव्याण्णव जणांजवळची खबर ज्याच्या त्याच्या खिशातच राहते. यात प्रत्येक जण आपापल्या परीने विचार करूनच वागला. रांग शंभरांची असली तरी साक्ष एकाचीच होती.

याच्या उलट अनुभव इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गॉल्टन यांनी १९०७ मध्ये नोंदवला. इंग्लंडमधल्या एका प्रदर्शनात बैलाचे सोललेले वजन किती भरेल, हे लोकांनी चिठ्ठीवर लिहून दिले होते. वाचण्याजोग्या ७८७ चिठ्ठ्यांमधला मधला अंदाज खऱ्या वजनाच्या एक टक्क्याच्या आत निघाला. चिठ्ठी ज्याची त्याने लिहिली होती, शेजाऱ्याची पाहून नव्हे. मोबाइलवर शेजाऱ्याची चिठ्ठी आधीच उघडी असते.

मोबाइल नव्हता तेव्हाही हे घडत होतेच. २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपती दूध पितो ही बातमी एका दिवसात देशभर पोचली ती तोंडी आणि घरच्या फोनवरून. त्यात गेले ते दूध. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मात्र मुले पळवणारी टोळी फिरतेय या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारले. त्याच रात्री नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावात अशाच संशयाने घेरलेल्या एका कुटुंबाला पोलिसांनी वाचवले. त्या महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. एप्रिल २०२० पासून बरेचदा फिरून आलेल्या, दोन बाणांची खूण असलेल्या संदेशाला ती एकावर आली. यामुळे अफवेचा वेग कमी होतो. संदेश खरा आहे की खोटा, याबद्दल दोन बाण काहीच सांगत नाहीत.

नाशकात पावसाळ्यात या साऱ्याची दरवर्षी परीक्षा होते. गोदावरीवरच्या गंगापूर धरणातून पाणी सोडले की घराघरांतल्या ग्रुपवर पुराच्या चित्रफिती येऊ लागतात, आणि त्यांत २०१६ किंवा २०१९ च्या पुराच्या हमखास असतात. चित्रफीत जुनी असली तरी पूर खराच होता, गोदाघाटही खराच, म्हणून ती पटते. दहा नातेवाइकांकडून आली की पक्की वाटते; पण त्या दहांनी ती एकाच ठिकाणाहून उचललेली असते. इथे जुने माप उपयोगी पडते : नदीपात्रातली दुतोंड्या मारुतीची उभी मूर्ती. पाणी घोट्याला लागले, गुडघ्याला, कमरेला, छातीला – पुराची भाषा गावात अशीच बोलली जाते. वर्तमानपत्रेही तीच छापतात. सकाळी ग्रुपवर मारुती गळ्यापर्यंत बुडालेला आणि पुलावरून पाहावे तर पाणी गुडघ्याखाली, असे झाले की चित्रफितीचा निकाल तिथेच लागतो. काठावरचे टपरीवालेही वाचता येतात. पूजेचे सामान, भांडी उचलून ते वर सरकू लागले तर समजावे की पाणी वाढणार आहे. त्यांचा माल भिजणार असतो, त्यामुळे ऐकीव गोष्टीवर ते उगाच टपरी हलवत नाहीत.

होळकर पुलाजवळचा विसर्ग क्युसेकमध्ये (सेकंदाला किती घनफूट पाणी) जाहीर होतो, तो आकडा अधिक नेमका. मात्र आकडा पुढे पाठवताना वेळ गाळण्याची खोड आहे. सकाळी आठचा विसर्ग रात्री नऊलाही ‘आत्ताचा’ म्हणून फिरतो. मारुतीच्या मापालाही हद्द आहे. खाली निफाड तालुक्यात, चांदोरी-सायखेड्याला, त्याच्या गुडघ्यावरून काही ठरत नाही. तिथली माणसे धरणांच्या विसर्गाचे आकडे वेळेसकट विचारतात.